विशेष मुलासाठी गायनाचा क्लास की संगीतोपचार?

कोल्हापुरात मुलाला गाणे शिकवायचे ठरले, तर गुरू शोधायला फार लांब जावे लागत नाही. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, तेव्हापासून या शहराचा कान तयार आहे. त्यामुळे स्वमग्नता (ऑटिझम), डाउन सिंड्रोम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांनाही ‘गाण्याच्या क्लासला घाला’ हाच सल्ला आधी मिळतो. तो चुकीचा नाही. परंतु क्लास आणि संगीतोपचार, म्हणजे संगीताच्या आधारे मुलाच्या विकासाला मदत करण्याची पद्धत, यांची सुरुवातच वेगवेगळ्या ठिकाणाहून होते.

क्लास अभ्यासक्रमापासून सुरू होतो: सा लावणे, अलंकार, केरव्याच्या 8 मात्रा आणि पुढे प्रारंभिक परीक्षा. संगीतोपचारात आधी मूल पाहिले जाते, तेही तुकड्यातुकड्यांनी. कारण 8 वर्षांच्या मुलाचे बोलणे 2 वर्षांच्या, हातांची हालचाल 5 वर्षांच्या आणि खेळणे त्याहून निराळ्याच टप्प्यावर असू शकते. निदानाच्या कागदावरून हे कळत नाही. त्यासाठी बालविकासाचे क्रम ठाऊक असावे लागतात, आणि माझ्या मते दोन पर्यायांमधील खरा फरक वाद्यांचा किंवा रागांचा नसून या माहितीचा आहे.

ठेक्याचेच पाहा. दुसऱ्याच्या ठेक्याशी आपला हात स्थिरपणे जुळवणे मुलांना साधारणपणे 4 वर्षांच्या आसपास जमू लागते. त्याआधीचे मूल बहुधा आपल्याच लयीत वाजवते. वयाने मोठे, पण विकासाच्या त्याआधीच्या टप्प्यावर असलेले मूल क्लासमध्ये ‘बेताल’ ठरते. उपचारक मात्र आपणच मुलाची लय धरतो, काही वेळाने ती किंचित संथ करतो आणि मुलाच्या लक्षात येते का, हे पाहतो. संगीतकार पॉल नॉर्डोफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी 1959 पासून इंग्लंडमध्ये विकसित केलेल्या पद्धतीचा गाभा मुलाच्या आवाजाला आणि हालचालीला तत्क्षणी रचलेल्या संगीताने उत्तर देणे हाच आहे. संयुक्त लक्ष, म्हणजे एकाच वस्तूकडे दोघांनी मिळून पाहणे, हेही एरवी 9 ते 12 महिन्यांत आकार घेते. ते आलेले नसेल, तर सरगम घोकवून घेण्यापेक्षा दोघांमध्ये एकच ढोलकी ठेवून आळीपाळीने वाजवणे अधिक उपयोगी पडते.

मात्र या ज्ञानाचा उलटा वापरही होतो. 13 वर्षांच्या मुलाची समज 3 वर्षांची ठरली, की त्याच्या हाती खुळखुळा दिला जातो, आणि ते त्याला अपमानास्पद वाटते. कृती टप्प्यानुसार असावी, साहित्य वयानुसार. कोल्हापूरच्या मुलाने हलगी मिरवणुकीत ऐकलेलीच असते, तेव्हा तिच्यावर सोपी थाप का देऊ नये? आवाजाला बिचकणाऱ्या मुलासाठी अर्थातच हलगी बाजूला ठेवून घुमक्यासारखे खर्जातले वाद्य घ्यावे. डाउन सिंड्रोम असल्यास श्रवणदोषाचे प्रमाण अधिक असते, म्हणून कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी कानांची तपासणी करून घ्यावी.

संगीतोपचाराकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. 9 देशांतील 364 स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 5 महिन्यांनंतर, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळला नाही. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2022 च्या आढाव्याने 26 अभ्यास एकत्र पाहिले. त्यात एकंदर सुधारणा आणि जीवनमान यांबाबत कौल अनुकूल निघाला, संवादकौशल्यांबाबत स्पष्ट पुरावा मिळाला नाही. ‘गाण्याने मूल बोलू लागेल’ अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहणेच बरे.

मूल गटात बसत असेल, अनुकरण करत असेल आणि ठेका धरत असेल, तर क्लासच निवडावा: समवयस्क मुले मिळतात आणि गणेशोत्सवात मंचावर उभे राहण्याचा आनंदही मिळतो. यांतले काहीच अद्याप येत नसेल, तर आधी उपचार. अपंग पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत संगीतोपचारक असा स्वतंत्र वर्ग नाही, त्यामुळे पारख पालकांनाच करावी लागते. पहिल्या भेटीत समोरच्या व्यक्तीने ऐकणे, बोलणे, हात आणि खेळ यांविषयी वेगवेगळे विचारले, तर पुढे बोलावे. केवळ निदान विचारून ‘सोमवारपासून पाठवा’ म्हटले, तर तो क्लासच आहे असे समजून फी ठरवावी.