कर्ज वॉशिंग्टनचं की बीजिंगचं?

भाचीचा प्रश्न: रेल्वे बांधायला निघालेल्या गरीब देशानं वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँकेकडे जावं की चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेकडे?

व्याज: जागतिक बँक अतिगरीब देशांना नाममात्र दरात, लांब मुदतीचं कर्ज देते. चिनी कर्ज बहुधा महाग.

वेग: इथे बीजिंग सरस. केनियात मोम्बासा-नैरोबी नव्या रुळांचं काम २०१४ मध्ये सुरू झालं, २०१७ मध्ये गाडी धावली. जुनाच मार्ग सुधारणं स्वस्त, असं जागतिक बँकेचं म्हणणं होतं.

अटी: चिनी पैशाबरोबर सहसा चिनी कंत्राटदार येतो, करार गुलदस्त्यात. जागतिक बँक पुनर्वसनाचे कागद मागून जीव खाते. पण मुंबईत रुळांलगतच्या हजारो झोपडीवासीयांना जागतिक बँकेच्या कर्जावरच्या एमयूटीपी या रेल्वे-रस्ते प्रकल्पात घरं मिळण्यात त्याच कटकटीचा मोठा वाटा.

थकलं तर: चिनी कर्जातून बांधलेलं श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर चीननं जप्त केलं, ही लोकप्रिय कथा अर्धवट आहे. परकीय चलनाच्या चणचणीत श्रीलंकेनंच २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीला दिलं.

प्रकल्पातून परतफेडीपुरती कमाई नक्की असेल आणि घाई असेल तर बीजिंग. शाळा, पाणी, आरोग्य असेल तर वॉशिंग्टनच.