सोन्याच्या किसातलं लोखंड: चुंबक की तेजाब?

एकाच पाटावर सोनं, चांदी आणि अधूनमधून पितळही घासणाऱ्यांसाठी हे लिहितोय. महिनाभराचा कीस डब्यात साठतो, त्यात कानशीचे दाते, करवतीच्या पात्याचे तुकडे, झाळताना बांधलेल्या काळ्या तारेचे कण असं सगळं असतं. तसाच मुशीत टाकला तर लोखंड वितळत नाही. सोनं 1064 अंशांना पाणी होतं, लोखंडाला 1538 लागतात. टाकणखार थोडंफार ओढून घेतो, पण उरलेला खडा पत्रा ओढताना बरोबर वर येतो.

लोखंड काढायचे चुंबक आणि तेजाब हे दोन्ही मार्ग मी करून पाहिलेत. (पाण्यात धुऊन काढणं झारेकऱ्यांनाच, म्हणजे सोनारांकडची माती धुऊन सोनं काढणाऱ्यांनाच जमतं. लोखंड आणि पितळ यांच्या वजनात इतका थोडा फरक आहे की माझ्या हातून दोन्ही एकत्रच वाहून गेलं.)

चुंबकाची पहिली कटकट म्हणजे त्याला फुटणारी दाढी. उघडा चुंबक किसात फिरवला की लोखंडाचे केस उभे राहतात, त्यात सोन्याचे कण अडकतात, आणि पुसायला जावं तर निम्मं बोटांना लागतं. उपाय साधा आहे: चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, कीस पांढऱ्या कागदावर पसरून वरून फिरवायचा, मग दुसऱ्या कागदावर पिशवीतून चुंबक बाहेर ओढायचा. दाढी गळून पडते. तीच परत पसरून आणखी दोनदा फिरवायचा, अडकलेलं पिवळं खाली राहतं. स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत, तेवढं लक्षात असू द्यावं.

तेजाबाचं, म्हणजे नायट्रिक आम्लाचं काम जास्त पक्कं, हे मान्य करायला हवं. नायट्रिकमध्ये चांदी, तांबं, पितळ विरघळतं, सोनं तळाशी राहतं. मात्र 22 कॅरेटचा कीस त्यात टाकला म्हणून चोख होत नाही. त्यासाठी आधी चांदी मिसळून सोनं चौथ्या हिश्शावर आणावं लागतं. पहिल्या वेळी मी नळाचं पाणी घातलं आणि सगळं दुधासारखं पांढरं झालं. पाण्यातल्या क्लोराइडने चांदी धरली होती.

पण माझं मन फिरलं ते जंतरपट्टीमुळे, म्हणजे जिच्या भोकांतून तार ओढून बारीक करतात त्या पोलादी पट्टीमुळे. तेजाब मी मागच्या खिडकीत ठेवलं होतं, तांबूस धूर बाहेर जाईल अशा हिशेबाने. वारा उलटा फिरला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पकडी आणि चिमटे तांबारलेले होते. ते पॉलिश करून घेतले. आठवड्याने तार ओढली तर तिच्यावर लांबच लांब चरे! पट्टीच्या बारीक भोकांत आतून गंज धरला होता, आणि त्या भोकांत पॉलिश पोचणार कसं? धूर छातीला वाईट हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

पितळ फार मिसळलं असेल, तर चुंबक तिथे हतबल आहे आणि तेजाबाला तोड नाही, पण ते काम मी घरात करणार नाही. आमच्या बाजारात सांगलीतल्या विट्याकडचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, आहेत. चुंबक फिरवलेला कीस मी त्यांच्याकडे नेतो, ते गाळून टंच (सोन्याची शुद्धता) काढून देतात. पहिल्यांदा नेला तेव्हा त्यांनी कागदावर पसरून बोटाने चाचपला आणि म्हणाले, "शेठ, लोखंड नाही यात. असाच आणत जा." मजुरी जाते, हे खरं. तुमच्याकडे धुराड्याची सोय आणि वेगळी खोली असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

ती जंतरपट्टी टाकवली नाही. आता तिच्यातून फक्त पितळी तार ओढतो.