वनबीएचकेचं रिनोव्हेशन, आठ महिन्यांनंतर: बजेट नेमकं कुठे फसलं

डोंबिवलीतला आमचा वनबीएचके गेल्या दिवाळीनंतर पूर्ण नव्याने करून घेतला, राहायला येऊन आठ महिने झाले, अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहितोय. बजेट ठरवलं होतं 5 लाख, लागले साडेसहा. टाइल्स-फर्निचरवर वाढ झालीच नाही, त्यांचे भाव चार दुकानं फिरून काढलेले होते. पैसे गेले भिंतीच्या आत.

बिल्डिंग 30 वर्षं जुनी. बाथरूमच्या टाइल्स काढल्या तर आतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप पार गंजलेले, हात लावला की पापुद्रे निघत होते, सगळे काढून सीपीव्हीसीचे (न गंजणारे प्लास्टिकचे) टाकले. मग वायरिंग, गीझर आणि एसीला 4 स्क्वेअर एमएमची वेगळी जाड वायर लागते ती जुन्या घरात नव्हतीच. कोटेशनमध्ये यातलं काहीही नव्हतं. वर 18 टक्के जीएसटी, आणि राबिट (तोडफोडीचा कचरा) उतरवायचे गोणीमागे पैसे कारण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. काम चालू असताना दोन महिने भाड्याने राहिलो, ते भाडं तर मी धरलंच नव्हतं!

वॉटरप्रूफिंगला मात्र अजिबात हात आखडू नका. मिस्त्री म्हणत होता लगेच टाइल्स लावून घेऊ, बायको अडून बसली, दोन दिवस बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंकडे छताला एका कोपऱ्यात ओल दिसली. तो कोपरा परत केला, परत पाणी भरलं. आजपर्यंत त्यांच्याकडे डाग नाही. टाइल्स लावल्यावर हे कळलं असतं तर सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं.

प्लायमध्ये पैसे वाचवता येतात. ओट्याखाली आणि सिंकपाशी 710 ग्रेड (पाण्यात टिकणारा), बेडरूमच्या कपाटाला साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा), दोन्ही अजून मस्त आहेत. पण किचन ट्रॉलीचे चॅनेल (ज्यांवर ती आतबाहेर सरकते) स्वस्तातले घेतले ती चूक, डाळ-तांदळाच्या वजनाने सहाव्या महिन्यातच अडकायला लागले, बदलावे लागले.

जुनं घर असेल तर कोटेशन घ्यायच्या आधीच प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला घर दाखवा, दर मटेरियलसकट आहे की नुसती मजुरी ते लिहून घ्या, टाइल्स 10 टक्के जास्तीच्या धरा आणि निदान 20 टक्के रक्कम बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. आमचं हॉलचं सीलिंग अजून बाकी आहे, ते पुढच्या वर्षी, पैसे साठले की.