मेमरी फोमची गादी, खारी हवा आणि ती भिकार चेन

गादी बरी आहे, तिची चेन भिकार आहे. घाईत असाल तर एवढंच पुरे.

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली ही सहा इंची मेमरी फोमची गादी. घनता, थर, दहा वर्षांची वॉरंटी हे सगळं तुम्ही जाहिरातीत वाचलेलंच असणार. आधीच्या काथ्याच्या गादीचा मधोमध द्रोण झाला होता, त्यामुळे थंडीत ही स्वर्गच वाटली. कुशीवर झोपलं की खांदा अवघडायचा, तोही बंद झाला. जानेवारीत लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग एप्रिल आला. मेमरी फोम अंगाच्या उष्णतेनेच मऊ पडतो. माणूस त्यात रुततो आणि पाठीखाली हवा खेळत नाही. नीट झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि गोव्यातल्या आमच्या मांद्र्याच्या दमट हवेत तर घाम सुकतच नाही. मध्यरात्री बनियन पाठीला चिकटून जाग यायची. एसी रात्रभर लावायची माझी तयारी नाही, वीजबिल मी भरतो.

गादी परत पाठवायच्या विचारात होतो, तेवढ्यात बायकोने चादरीचा एक दोरा उपसून काडीने पेटवला. राख व्हायच्या ऐवजी तो वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. ‘ग्लेस कॉटन’ म्हणून घेतलेली ती मऊमऊ चादर पॉलिएस्टर निघाली. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडता येते. चादरीखालचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर आणखी वरचढ: वरून टॉवेलचं कापड, खालून प्लास्टिकचा पापुद्रा. घाम आत जात नाही आणि वाराही लागत नाही.

दोन्ही काढलं. गादीवर सोलापुरी चादर आणि तिच्यावर साध्या विणीची पातळ सुती चादर घातली. थ्रेड काउंटच्या, म्हणजे कापडातल्या धाग्यांच्या आकड्याच्या, मागे लागू नका; विण जितकी दाट, तितकी हवा कमी. फरक त्याच आठवड्यात कळला. फोम गरम होतो तो होतोच, पण निदान सलग झोप लागते. गादीवरचं माझं मत तिथे बदललं.

आता चेनकडे येतो. प्रोटेक्टर काढला म्हणजे घाम मुरणार कव्हरमध्ये, आणि डाग दिसला की वॉरंटी रद्द. कव्हर धुता येतं असं लेबलवर ठळक छापलंय. काढायला गेलो तर चेनचा रनर जाम! समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याच्यावर पांढरट थर चढलेला. मेण चोळलं, खोबरेल लावलं, पक्कड लावली, तेव्हा पकडायचा तुकडाच हातात आला. इतक्या हजारांच्या गादीला दोन-चार रुपयांचा रनर लावताना कंपनीला काही वाटलं नसेल? कस्टमर केअरचं उत्तर: ‘सर, झिप वॉरंटीत येत नाही.’ नवं कव्हर हवं तर २,८०० रुपये, कुरियर वेगळं.

पावसाळ्यात आणखी एक प्रकरण झालं. आमचा पलंग खाली सामान ठेवायचा, म्हणजे तळाला सपाट प्लायवूड. जुलैत गादी उचलली तर प्लायवर बुरशीचे ठिपके. आई पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, दिवसांत कापसाच्या गाद्या अंगणात कडक उन्हात टाकायची. फोमला ती सोय नाही, उन्हाने तो पिवळा पडून भुसभुशीत होतो. प्लायला भोकं पाडून घेतली आणि दर रविवारी गादी भिंतीला उभी करून पंखा सोडतो. नवीन पलंग घेणार असाल तर फळ्यांमध्ये फटी असलेलाच घ्या. दमट अंथरुणात धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेही वाढतात. सकाळी उठल्यावर शिंकांची माळ लागत असेल तर आधी अंथरूण बघा. चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या की माइट्स मरतात.

शेवटी कव्हरची शिवण ब्लेडने उसवली आणि म्हापशाच्या बाजारातल्या टेलरकडे नेलं. त्याने नायलॉनची चेन आणि प्लास्टिकचा रनर बसवून दिला, १८० रुपयांत. कव्हर कापल्यामुळे वॉरंटी संपली, असं कंपनीचं म्हणणं. संपू दे. कव्हर धुवून दोरीवर घातलंय, पण या पावसात वाळायला चार दिवस लागणार.

गादीला तीन तारे. चेनला शून्य. किनाऱ्याजवळ राहत असाल तर दुकानात फोम दाबून बघण्याआधी रनर बघा.