बेसमेंटमधलं पाणी आणि आमचा टॉर्चवाला: 4 स्टार

रिव्ह्यू आमचं बेसमेंट कोरडं ठेवणाऱ्या माणसाचा आहे, पण आधी गोष्ट. न्यू जर्सीत एडिसनला राहतो, बेसमेंट फिनिश्ड आहे, कार्पेट वगैरे टाकलेलं. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस आला (उरलासुरला म्हणे, नेवार्कला त्या एका दिवसात 8.41 इंच पडला) आणि रात्री लाइट गेली, लाइट गेली म्हणजे सम्प पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) गेला, आणि सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला तर थंडगार पाणी. गणपती 10 तारखेला होते, मखर, झालर, माळा सगळं खाली खोक्यांत. खोकी उचलली तर बूड खालीच राहिलं.

पहिले आले ते सफाईवाले, एक मोठी कंपनी, नाव घेत नाही. तिसऱ्या दिवशी आले, सगळ्या गावाचीच बेसमेंटं भरली होती त्यामुळे त्याचा राग नाही, पण बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात आणि तोवर कुबट वास वरच्या किचनपर्यंत आला होता. कामाला पोरं चांगली. पाणी चारच इंच होतं पण ड्रायवॉलने (जिप्समच्या पाट्यांच्या भिंतीने) ते वातीसारखं वर ओढलेलं, मीटर लावून दाखवलं, मग दोन फुटांवर भिंत कापली, कार्पेट आणि खालचं पॅडिंग फेकलं, 9 पंखे आणि हवेतला ओलावा ओढणारे 3 डिह्युमिडिफायर चार दिवस घों घों. बिल 4,800 डॉलर, कारण प्रत्येक मशीनचं रोजचं भाडं वेगळं, हे आधी कोणी बोललं नाही. इन्शुरन्सने हात वर केले. साध्या होम पॉलिसीत पूर येत नाही, पंप बंद पडून आलेल्या पाण्यासाठी वॉटर बॅकअप नावाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आमच्याकडे दोन्ही नव्हतं. आता बॅकअपचं कव्हर घेतलंय.

मग वॉटरप्रूफिंगचा सेल्समन. दोन तास डायनिंग टेबलवर बसला, चहा प्याला, टॅबवर फोटो दाखवले, आतून चारी बाजूंनी फरशी फोडून ड्रेन टाकायचा, 18,000 डॉलर, आज सही केली तर 15 टक्के सूट. घराभोवती एक चक्कर मारली नाही बाबाने!

ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय तो तिसरा, एकटा काम करणारा माणूस, मंदिरातल्या एका काकांनी नंबर दिला. हा आला तो आधी बाहेरच गेला. टॉर्च घेऊन पन्हळीचे पाइप बघितले (इथे पन्हळीला गटर म्हणतात, आपलं गटर नव्हे), अख्ख्या छताचं पाणी भिंतीपासून दीड फुटावर पडत होतं आणि मी दरवर्षी हौसेने मल्च (झाडांच्या सालीचा चुरा) घालून घालून तिथला उतार घराकडेच करून ठेवलेला. म्हणाला आधी हे करू, तरी पाणी आलं तर फरशी फोडू. पाइप दहा फूट लांब नेले, माती भरून उतार बाहेर काढला, जुना पंप काढून अर्ध्या हॉर्सपॉवरचा बसवला, पाणी उलटं येऊ नये म्हणून नवा व्हॉल्व्ह, आणि शेजारी बॅटरीवर चालणारा दुसरा पंप. सगळे मिळून 2,300.

29 सप्टेंबर 2023 ला न्यूयॉर्कच्या सबवेत पाणी शिरलं तो पाऊस आठवत असेल, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मी दर अर्ध्या तासाला खाली जाऊन खड्ड्यात डोकावत होतो, बायको म्हणाली बाळ झोपलंय का बघतोयस का. पंप चालू-बंद होत राहिला, फरशी कोरडी. लाइट मात्र गेली नाही, त्यामुळे बॅटरीची खरी परीक्षा अजून व्हायचीये. मी दर दोन महिन्यांनी मोठ्या पंपाचा प्लग काढून खड्ड्यात बादल्या ओततो, छोटा पंप उचलतो पाणी.

एक स्टार कापला कारण माणूस फोन उचलत नाही. मागच्या हिवाळ्यात रात्री दोनला बॅटरीचा अलार्म पीप पीप करायला लागला, याचा मेसेज चार दिवसांनी आला, "डिस्टिल्ड वॉटर टाका". तोवर मी यूट्यूब बघून टाकलं होतं.