जर्मनीतलं जिरोकार्ड: वर्षभर दुकानांत वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग तपशील. जर्मनीत राहायला येणार असाल, म्हणजे सहलीला नव्हे, तर भाड्याचं घर घेऊन नोकरीला किंवा शिकायला, तर इथल्या बँकेचं जिरोकार्ड घ्या. बँक त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे वेगळे मागत असेल तरी घ्या. मात्र तेवढं एकच कार्ड खिशात घालून देशाची हद्द ओलांडू नका.

स्टुटगार्टच्या शेजारच्या एका गावात आम्ही वर्षाहून जास्त काळ राहतोय. किराणा, औषधं, पेट्रोल, मुलाचे बूट, केस कापणं, सगळं याच कार्डावर चालतं. पुण्याहून या भागात येणाऱ्यांची रांग मोठी आहे (मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची कृपा), आणि जवळजवळ प्रत्येक नवं कुटुंब पहिल्या महिन्यात याच ठिकाणी अडखळतं. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

जिरोकार्ड म्हणजे जर्मन बँकांनी मिळून चालवलेली देशी डेबिट कार्डाची व्यवस्था. आपल्याकडच्या रूपेसारखी, पण तिच्यापेक्षा जुनी आणि दुकानदारांच्या पार अंगवळणी पडलेली. जिरोकार्ड हे नाव २००७ पासूनचं. त्याआधी ईसी-कार्ड म्हणायचे आणि गल्ल्यावरची मंडळी अजूनही तेच म्हणतात. दारावर 'नुअर ईसी' अशी चिठ्ठी दिसली की समजायचं, इथे फक्त हेच कार्ड चालतं, व्हिसा-मास्टरकार्ड पुढे करून उपयोग नाही. यामागचं कारण पैशाचंच आहे. जिरोकार्डावर दुकानदाराला कमी पैसे सोडावे लागतात. कार्ड वापरलं म्हणून गिऱ्हाइकाकडून जादा घ्यायला २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे महाग पडणारी कार्डं घ्यायचीच नाहीत, किंवा 'दहा युरोच्या पुढेच कार्ड' अशी पाटी लावायची, एवढंच त्याच्या हातात राहतं. भाजीवालीच्या गाडीवरही यूपीआय करून आलेल्या माणसाला हे मागासलेलं वाटतं. मलाही वाटलं. पण इथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत लोकांच्या रोजच्या व्यवहारांपैकी ५१ टक्के अजून रोखीत होत होते. अशा देशात कुठलंही कार्ड घेणारा बेकरीवाला भेटला तरी आभार मानायचे.

पहिले काही आठवडे आम्ही भारतातल्या बँकेचं कार्ड वापरलं. ते परदेशात चालण्यासाठी ॲपमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड येतं तेव्हा फक्त देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. हे काम विमानात बसायच्या आधी उरकलेलं बरं. मोठ्या सुपरमार्केटमध्ये ते कार्ड निमूट चाललं, फक्त महिनाअखेरीला हिशेब पाहिला की पोटात गोळा यायचा. चलन बदलण्याचं शुल्क बऱ्याच भारतीय बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत लावतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय काही मशीनं मधेच विचारतात, पैसे युरोत घेऊ की रुपयांत? तिथे डोळे झाकून युरो दाबायचं. रुपयांचा जो दर ते दाखवतात त्यात त्यांनी आपला वाटा आधीच काढून ठेवलेला असतो. आणि मग रहिवासी परवान्याची फी भरायला सरकारी कचेरीत गेलो, तर तिथे रोख नाहीतर ईसी. नवरा एटीएम शोधायला पळाला, मी मुलाला घेऊन टोकन सांभाळत बसले.

खातं उघडायला पासपोर्ट आणि पत्ता नोंदवल्याचा कागद लागतो. कार्ड एका पाकिटातून येतं, पिन दुसऱ्या पाकिटातून, आणि दोन्ही साध्या टपालाने. इथल्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव पाहून टपाल टाकतो. नाव नसेल तर पाकीट आलं तसं परत. तेव्हा किल्ली हातात पडल्या दिवशीच पेटीवर आडनाव चिकटवा, आणि नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पासपोर्टवरचं आपलं तीन मजली नाव कार्डावर मावत नाही हेही सांगून ठेवते. माझ्या कार्डावर नवऱ्याच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर उरलंय. व्यवहारात त्याने काही अडत नाही.

प्रत्यक्ष दुकानातला अनुभव सांगायचा तर रोजच्या खरेदीत तक्रारीला जागा नाही. स्वस्तातल्या सुपरमार्केटचा गल्ला म्हणजे इथली खरी परीक्षा. बाई एवढ्या वेगाने सामान पुढे ढकलते की दुधाच्या पुठ्ठ्यामागे टोमॅटो चेंगरायची भीती. अशा वेळी 'मिट कार्टे, बिटे' (कार्डाने देते, प्लीज) म्हणायचं आणि कार्ड मशीनला टेकवायचं. ५० युरोपर्यंत पिन लागत नाही, त्यापुढे लागतो. लहानलहान खरेद्या लागोपाठ झाल्या की मशीन मधेच पिन मागतं. ती सुरक्षेची सोय आहे, कार्ड बिघडलं असं समजून घाबरू नका. खात्यात त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुकानाच्या नावासकट नोंद दिसते. रुपये-युरोचा गुणाकार नाही, शुल्क नाही. डॉक्टरच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर, कुठेही नाही म्हटलं गेलेलं आठवत नाही. नाही म्हणतात ते जे फक्त रोखच घेतात ते, आणि ते कुठल्याच कार्डाला भीक घालत नाहीत.

सगळ्यात नवल वाटलं ते सहीचं. काही दुकानांत, विशेषतः कपडे आणि घरसामानाच्या, पिन कधी कधी मागतच नाहीत. कार्ड मशीनमध्ये घातलं की लांबलचक पावती बाहेर येते, तिच्यावर बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो आणि गल्ल्यावरचा माणूस पेन पुढे करतो. परिच्छेदाचा अर्थ असा: माझ्या खात्यातून एवढी रक्कम काढून घ्यायला मी या दुकानाला परवानगी देते, आणि पैसे मिळाले नाहीत तर माझ्या बँकेने माझं नाव-पत्ता दुकानाला कळवावा. म्हणजे कार्डातून फक्त खातेक्रमांक वाचला जातो आणि पुढे आपलं विजेचं बिल जसं दर महिन्याला खात्यातून परस्पर जातं तसे हे पैसे जातात. ए-एल-फाउ म्हणतात या पद्धतीला. दुकानाला ही आणखी स्वस्त पडते, म्हणून ते ती वापरतात. त्या क्षणी पिनने देणार की सहीने हे बहुतेक वेळा मशीनच ठरवतं.

माझी सही मराठीत आहे, कार्डामागच्या पट्टीवरही मराठीतच. घरसामानाच्या दुकानातल्या एका वयस्क बाईंनी कार्ड उलटं केलं, पावती पट्टीला लावून धरली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि आधी शिरोरेघेवरून बोट फिरवलं. मग वेलांटी पाहिली. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. बाईंनी पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर फिरवली, 'पास्ट' (म्हणजे जुळतंय) म्हणाल्या आणि पावती गल्ल्यात ठेवली. मागच्या माणसाचा इंग्रजी गिचमिडीसारखा फराटा मात्र त्यांनी बघितलासुद्धा नाही.

गमतीचा भाग सोडला तर ही पद्धत नीट समजून घ्यायला हवी, खासकरून विद्यार्थ्यांनी. पिन टाकून पैसे देताना मशीन बँकेला त्याच क्षणी विचारतं, पैसे नसतील तर व्यवहार तिथेच अडतो. सहीच्या वेळी खात्यात किती आहेत हे कुणी पाहत नाही. विद्यार्थ्यांना ब्लॉक्ड खात्यातून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचे आणि मग दर महिन्याला ठरावीकच मिळायचे, असं खातं) महिन्याला ९९२ युरो मोकळे होतात (सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४), आणि त्यातलं निम्मं खोलीच्या भाड्यात जातं. ओळखीच्या एका मुलाने महिनाअखेरीला सही करून थंडीचं जॅकेट घेतलं. दुकानाने पैसे मागितले दोन दिवसांनी, तोवर भाडं कापलं गेलं होतं. बँकेने मागणी परत पाठवली. मग आलं वसुलीचं पत्र, जॅकेटच्या किमतीवर बँकेचा आणि वसुलीवाल्यांचा खर्च चढवून. पुढे बरेच दिवस त्या साखळीतल्या दुकानांत त्याचं कार्ड सहीवर घेईनात. मुलगा सरळ आहे, फसवायचा विचारही त्याच्या मनात नव्हता. त्याच्या डोक्यात भारतातलं गणित होतं, की कार्ड चाललं म्हणजे पैसे गेले. इथे पैसे गेले की नाही हे खात्यात नोंद पडेपर्यंत धरून चालायचं नाही.

याचीच दुसरी बाजू कार्ड हरवलं तर कळते. देशभरासाठी ११६ ११६ हा एकच नंबर आहे, भारतातून लावायचा तर आधी जर्मनीचा कोड. तिथे कळवलं की पिनचे व्यवहार थांबतात. सहीचे थांबतीलच असं नाही. त्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवून कार्ड 'कूनो' नावाच्या यादीत टाकून घ्यावं लागतं, दुकानांची मशीनं ती यादी तपासतात. हे बँकेच्या माहितीपत्रकात असतं, पण ते वाचतो कोण?

आता मला सगळ्यात आवडलेली सोय. बऱ्याच सुपरमार्केटमध्ये आणि साबण-शाम्पूच्या मोठ्या दुकानांत सामान घेताना कार्डावरच रोख पैसेही काढता येतात, २०० युरोपर्यंत. काही ठिकाणी दहा-एक युरोची खरेदी व्हावी लागते, काही ठिकाणी कितीचीही चालते. गल्ल्यावरच्या बाईला आकडा सांगायचा, ती तो बिलात मिळवते, पिन टाकायचा, नोटा हातात. शुल्क शून्य. याच देशात आपल्या बँकेच्या एटीएम-गटात नसलेल्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढले तर चार-पाच युरो सहज जातात, म्हणून मी एटीएमकडे फिरकणंच सोडलंय. शनिवारचं सामान घेताना पन्नास युरो काढून ठेवते. रविवारी दुकानं बंद, आणि बागेतला आइस्क्रीमवाला रोखीशिवाय बोलत नाही.

(कार्डाच्या चिपमध्ये तुमचं वय कळण्याची सोय असते आणि रस्त्यावरची सिगारेटची यंत्रं ते वाचून मगच पाकीट देतात. मला याचा उपयोग नाही, पण शेजारच्या आजोबांना यंत्रात कार्ड घालताना पाहून आधी वाटलं होतं, हे काय बसचा पास काढतायत!)

आता उणी बाजू. हे कार्ड ऑनलाइन जवळजवळ निरुपयोगी आहे. नुसत्या जिरोकार्डावर व्हिसासारखा वापरायचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे नसतात. विमानाचं तिकीट किंवा भारतातल्या आईबाबांसाठी ऑनलाइन औषधं मागवायची तर दुसरं कार्ड लागतं. आणि हद्द ओलांडली की कार्ड मुकं होतं. आमच्याकडून स्ट्रासबुर्ग रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर. सकाळी घराजवळच्या बेकरीत जिरोकार्डाने ब्रेझल घेतलं आणि दुपारी फ्रान्समधल्या कॅफेच्या मशीनने तेच कार्ड ओळखलंही नाही. पूर्वी बहुतेक कार्डांवर जोडीला माएस्ट्रोचं (मास्टरकार्डच्याच डेबिट कार्ड व्यवस्थेचं) चिन्ह असायचं आणि परदेशात त्याच्या जोरावर काम व्हायचं. मास्टरकार्डने जुलै २०२३ पासून युरोपात नवी माएस्ट्रो कार्डं देणं बंद केलं. जुनी कार्डं मुदत संपेपर्यंत चालतात, म्हणून इथे दहा वर्षं राहिलेले लोक छातीठोकपणे सांगतात, 'अरे, माझं तर पुण्यात एटीएमला चालतं!' त्यांचं चालतं, तुमचं नवं कार्ड कदाचित चालणार नाही.

फोनवरून पैसे देणाऱ्यांसाठी एक सूचना. जिरोकार्ड फोनमध्ये घालता येतं की नाही हे पूर्ण तुमच्या बँकेवर आहे. श्पारकास या बचत बँकांच्या ग्राहकांना ॲपल पेमध्ये ते २०२० पासून मिळालं, अँड्रॉइडवर त्यांचं स्वतःचं ॲप आहे. माझ्या बँकेने मात्र दोन्हीकडे हात वर केलेत, फोनवर फक्त तिचं मास्टरकार्ड चालतं. 'नुअर ईसी'वाल्या दुकानात ते चालत नाही, त्यामुळे प्लास्टिकचं कार्ड पर्समधून हलत नाही.

खातं उघडताना बँकेच्या माणसाला एवढंच विचारा: जिरोकार्डासोबत त्याच कार्डावर डेबिट मास्टरकार्ड किंवा व्हिसा डेबिट आहे का? काही बँका आता असं जोडकार्ड देतात. जर्मनीत ते जिरोकार्ड म्हणून चालतं, बाहेर मास्टरकार्ड किंवा व्हिसा म्हणून, आणि ऑनलाइनसाठी क्रमांकही मिळतो. फुकट खात्याची जाहिरात करणाऱ्या काही ऑनलाइन बँका उलट करतात. व्हिसा डेबिट फुकट देतात आणि जिरोकार्ड वेगळे पैसे घेऊन. जोडकार्ड मिळत असेल तर खात्याचं शुल्क थोडं जास्त असलं तरी मी तेच घेईन. माझ्या कार्डाची मुदत संपेल तेव्हा बँक बदलायचा विचार त्यासाठीच चाललाय.