ट्रॉलीला नायलॉनची चाकं की पीयूची?

मशीन शॉपमधल्या ट्रॉलीसाठी मी तरी पीयूच घेईन, म्हणजे कास्ट आयर्नच्या चाकावर पॉलियुरेथेनचा थर असतो ती. नायलॉन स्वस्त पडतं, कडक असल्यामुळे जड माल पण हलक्या हाताने ढकलला जातो, तेला-पाण्याचं त्याला फारसं काही होत नाही, पण खडबडीत कोब्यावर त्याचा खडखडाट असा होतो की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही आणि इपॉक्सी फ्लोअर (रेझिनचा गुळगुळीत थर दिलेला) असेल तर ओरखडे ठरलेले. पीयू शांत चालतं, फ्लोअर सांभाळतं. फक्त गरम पाणी नि वाफ असेल तिथे पीयूचा थर हळूहळू खराब होतो, सुटायला लागतो, तिथे नायलॉनच बरं.

आणि खरं सांगू का, मेंटेनन्स चाकापेक्षा बेअरिंगमुळे जास्त निघतो! सील्ड, म्हणजे ग्रीस आतच बंद असलेलं बॉल बेअरिंग घ्या, सारखं ग्रीस मारायची कटकट नाही. एका चाकावर किती लोड येईल याचा हिशोब करताना एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागा, कारण फ्लोअर उंचसखल असला की एक चाक अधांतरी राहतं, म्हणजे ट्रॉलीसकट 600 किलो असेल तर प्रत्येक चाक 200 किलो पेलणारं तरी पाहिजेच.